कोरडी भांडी

आमच्या वाडीत एसटी येत नव्हती. मलकापूरला जायचं तर दुधाच्या गाडीतून, कॅनच्या मध्ये पाय घेऊन बसायचं. मी घर सोडलं ते त्या गाडीतूनच. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण सासर आणि माहेर एकाच वाडीत, ओढ्याच्या अल्याड पल्याड. त्यामुळं लग्नात मी कुठं गेले असं कधी वाटलंच नाही. आमच्या मालकांना कोल्हापूरच्या बाजूला लोखंड ओतायच्या फौंड्रीत काम लागलं, त्यांनी खोली बघितली, आणि मग मी खरी निघाले. एक ट्रंक होती, अर्धं पोतं तांदूळ होता. आई गाडीच्या फळीला धरून उभी राहिली होती.

"तिकडं गेल्यावर जरा बोलत जा की गं," ती म्हणाली. "न्हाईतर लोक म्हणतील, मुकी पोरगी गळ्यात बांधली."

गाडीवाला पुढून ओरडला, "मावशी, आटपा की, दूध नासंल!"

"नासू दे! लेक काय रोज जातीया व्हय?"

गाडी हलली. मी काही बोलले नाही. बोलायचं होतं, पण माझं नेहमी तसंच व्हायचं. शाळेत गुरुजींनी विचारलेलं येत असायचं, ते ओठापर्यंत यायचं आणि तिथंच बसून राहायचं. चौथीनंतरची शाळा डोंगराच्या पलीकडं होती, तिकडं मुलींना कोणी पाठवत नसे, म्हणून माझी शाळा तिथंच संपली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आता कोणी उभं करून विचारणार नव्हतं.

कोल्हापुरात आल्यावर पहिली काही वर्षं मी बोटानं दाखवून सामान घेतलं. इथली माणसं मोठ्यानं बोलतात. दुकानदार साधं "काय पायजे ओ, वहिनी?" म्हणाला तरी मला तो रागावल्यासारखा वाटायचा. आमच्याकडं डोंगरात माणसं लांबून हाक मारतात, पण जवळ आली की हळू बोलतात. इथं जवळ येऊनही हाक मारल्यासारखंच. मला ही माणसं वाईट नाहीत हे कळायला वेळ लागला. मालक संध्याकाळी फौंड्रीतून यायचे ते अंगभर काळे होऊन. त्यांचा शर्ट दोन पाण्यांत धुतला तरी तिसरं पाणी काळंच निघायचं. वाडीत मातीचे कपडे धुतले होते, तो रंग मला माहीत होता. हा काळा रंग नवा होता.

शेजारच्या संगीतावहिनी एका कॉलेजात झाडलोटीला होत्या. त्यांनी मला तिथं नेलं. आधी मी व्हरांडा झाडत होते, मग रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला बाई हवी होती तिथं लागले. भांडी धुवायला बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडलं.

पण भांडी धुणं मला येतं असं वाटत होतं, ते खोटं निघालं. वाडीत आम्ही राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासत होतो, दगडावर पालथं घालत होतो, ऊन लागलं की झालं. इथं साबण, मग नळाचं पाणी, मग मशीनचं क्षार काढलेलं पाणी, मग लगेच उडून जाणारं ॲसिटोन, आणि मग सगळं ओव्हनमध्ये. भांडं स्वच्छ झालं म्हणजे निम्मंच काम झालं. भांडं कोरडं पाहिजे, इतकं कोरडं की डोळ्याला न दिसणारा ओलावासुद्धा नको, नाहीतर सगळं काम नासतं.

ते हाताला पटायला फार दिवस गेले. आमच्याकडं कोरडं रिकामं भांडं ठेवत नाहीत. शेजारणीचं पातेलं परत करायचं तर त्यात मूठभर तांदूळ घालायचे, काहीच नसलं तर पाण्याचे चार थेंब. नवं काम काढायचं, नवं मडकं घ्यायचं, तर आधी पाणी शिंपडायचं. लॅबमध्ये ओव्हनमधून काढलेला गोल फ्लास्क एखाद्याच्या हातात देताना सुरुवातीला मला चोरट्यासारखं व्हायचं, आपण कुणाचं तरी अशुभ करतोय असं.

तबस्सुम लॅबमध्ये पीएचडी करायला आली तेव्हा माझी तिथं बरीच वर्षं झाली होती. ती गडहिंग्लजकडच्या नेसरीची. वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान. ती वसतिगृहात राहायची आणि सकाळी लॅब उघडायच्या आधीच दारात उभी असायची. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "मावशी, तुम्ही बोलत न्हाय, मी थांबत न्हाय. जमलं की आपलं!" आणि खरंच जमलं. ती काम करता करता बोलायची, मी धूत धूत ऐकायचे. बाकीची मुलं मला भांडी आणि "थँक्यू" एवढंच द्यायची. ही मला ती काय करते ते सांगायची.

ती कार्बनचे मोठे रेणू बनवत होती. रेणू म्हणजे काय ते तिनं मला मधाच्या पोळ्यावरून सांगितलं. कार्बन असाच सहा सहा कोनांच्या घरांत बसतो, घराला घर लागून. त्या पोळ्यातला एखादा कार्बन काढून तिथं नायट्रोजन बसवायचा. मग सगळ्या पोळ्याचं वागणं बदलतं. वीज वेगळी वाहते, उजेड वेगळा निघतो. त्याचा पातळ थर देऊन कागदासारखे वाकणारे पडदे करता येतील, मोबाइलचे, टीव्हीचे.

"तव्याच्या बुडाला काळं धरतं ना मावशी, तोसुद्धा कार्बनच."

"मग ते घासायचं का बनवायचं?" मी विचारलं.

ती एवढ्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या टेबलावरची मुलं बघायला लागली. मी मान खाली घातली, पण मला बरं वाटलं होतं.

तिनं सांगितलेलं मला माझ्या परीनं कळलं ते रोप लावणीवरून. वाडीत भाताची लावण करताना आम्ही बायका ओळीनं वाकायचो. सगळ्या एका गावच्या, सगळ्यांचा हात एका चालीचा. मग कधी कुणाची पावणी, दुसऱ्या गावची, मध्ये उभी राहायची. तिचा हात वेगळा, तिचं गाणं वेगळं. थोड्या वेळानं तिच्या शेजारच्या दोघींची चाल बदलायची, मग त्यांच्या शेजारच्या. संध्याकाळी बघितलं तर सगळी ओळच वेगळी झालेली असायची. ही गोष्ट मी तबस्सुमला सांगितली नाही. कोल्हापुरात मीच ती मध्ये उभी राहिलेली पावणी आहे असं मला वाटत होतं, आणि माझ्यामुळं कुणाची चाल बदलते असं काही मला तोपर्यंत दिसलं नव्हतं.

काम झालं की नाही हे बघायची तिची एक रीत होती. छोट्या पांढऱ्या पट्टीवर मालाचा ठिपका द्यायचा, पट्टीचं टोक द्रवात बुडवून ते वर चढू द्यायचं आणि पट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात जांभळ्या दिव्याखाली धरायची. जुना माल असला तर ठिपका फिका निळा दिसायचा. नवा झाला असेल तर हिरवा चमकायला हवा होता. तो हिरवा ठिपका तिला अजून दिसला नव्हता. शेवटची पायरी राहिली होती. त्यासाठी लागणारा माल ती दिवाळीपासून बनवत होती आणि सगळा मिळून एका छोट्या बाटलीचं बूड झाकेल एवढाच होता. लॅबच्या प्रमुख सरांनी तिला सांगितलं होतं, या वेळी नाही झालं तर हा रेणू सोडून द्यायचा, झालं आहे तेवढ्यावर लिहून टाकायचं. आणि घरून अब्बा सांगत होते, गडहिंग्लजला शाळेत जागा आहे, ते थोडे दिवसच थांबतील. रेणू होत नाही असं ठरलं की ती जागा घेणार, असं तिनं अब्बांना कबूल केलं होतं.

त्याच सुमाराला माझी आई डोळ्याच्या ऑपरेशनला माझ्याकडं आली. मोतीबिंदू. ऑपरेशन चांगलं झालं, पण थोड्या थोड्या वेळानं डोळ्यात औषध घालायला लागायचं. रविवारी मालकांची पाळी होती आणि तबस्सुमला तिच्या शेवटच्या कामासाठी भांडी लागणार होती. आईला एकटीला कुठं ठेवायचं? लॅबमध्ये बाहेरचं माणूस आणायचं नाही हा सरांचा नियम मला माहीत होता. तबस्सुमच म्हणाली, "आणा की आजीला. स्टुलावर बसतील, कुठं काय सांडणार हायत?"

आई काळा चष्मा लावून दाराजवळच्या स्टुलावर बसली. जवळ तिची पाण्याची बाटली. दोघींचं लगेच सुरू झालं.

"कुणाची गं तू?"

"नेसरीची, आजी. शिलाईवाल्याची."

"मग शिवायचं सोडून हे काय मांडलंयस?"

"शिवायचंच हाय की. कार्बनच्या कापडाला नायट्रोजनचं ठिगळ."

"ठिगळाचं कापड कोण घेतंय?"

"ह्या कापडाला ठिगळामुळंच किंमत, आजी!"

आई हसली. "कर बाई कर. तुझा हात लागू दे."

दुपारी लाइट जाणार होती म्हणून तबस्सुम घाईत होती. तिचं एक द्रव होतं, ते सोडियमबरोबर उकळत ठेवायची. सगळं पाणी गेलं की ते गडद निळं होतं. निळं झालं की त्याची वाफ थंड करून कोरड्या फ्लास्कमध्ये धरायची आणि तेच पुढच्या कामाला वापरायचं. मी ओव्हनमधला फ्लास्क काढून तिच्या टेबलावर ठेवला आणि सिंककडं गेले. कामात हवा शिरू नये म्हणून गॅसचा फुगा लावतात, तो भरायला ती आतल्या खोलीत गेली. आली, फ्लास्क जोडला, काम सुरू झालं. मी आईच्या डोळ्यात औषध घातलं आणि आम्ही घरी आलो.

मंगळवारी तिनं पट्टी दिव्याखाली धरली. फिका निळा ठिपका. दुसरी पट्टी, तिसरी. सगळीकडं जुनाच माल, आणि तोही बराचसा नासलेला. लॅबमध्ये इतकी शांतता मला पहिल्यांदाच जड वाटली. बुधवारी तिनं तिची रॅक आवरायला घेतली. गुरुवारी फोनवर अब्बांशी बोलताना ऐकलं. "नहीं हुआ, अब्बा. मेरा रास्ताच गलत था," असं म्हणाली. आवाज साधाच होता. त्यामुळं जास्त लागलं.

शुक्रवारी मी आईला मलकापूरच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले. तिला खिडकीची जागा मिळाली होती. मी खाली उभी.

"त्या पोरीचं झालं का गं?" आईनं विचारलं.

"न्हाय झालं."

"न्हाय कसं? मी तिच्या गोल भांड्यात पाणी शिंपडलं होतं की! कोरडं ठणठणीत ठेवलेलं. पोरगी घाईत विसरली आसंल म्हटलं. चार थेंब टाकलं, हात जोडलं."

कंडक्टरनं घंटी मारली. आई अजून बोलत होती, "होईल बघ, उशिरा होईल," आणि गाडी फलाटावरून मागं सरकली. मी हात वर केला. तो तसाच वर राहिला.

चार थेंब. त्या निळ्या द्रवातून काढलेलं पाणी परत त्याच्यातच गेलं होतं. पाणी त्याच्यात असं मिसळतं की दिसत नाही. तबस्सुमचा रस्ता चुकला नव्हता.

स्टँडवरून घराकडं बस होती. मी ती घेतली नाही, कॉलेजकडं चालत निघाले. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि प्रत्येक चौकात ते विसरत होते. सांगितलं तर आईला लॅबमध्ये आणल्याचं सरांना कळणार. काम जाईल. मालक कामाला होते ती फौंड्री तेव्हा कधी चालू कधी बंद अशी होती, माझ्या कामावरच घर चाललं होतं. आणि त्याहून जड म्हणजे आईचं नाव. तिनं हात जोडून केलेल्या गोष्टीला मी नुकसान म्हणणार. नाही सांगितलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. फक्त एक मुलगी जन्मभर असं समजून शाळेत शिकवत राहील की तिला जमलं नाही.

लॅबमध्ये ती पुस्तकं पिशवीत भरत होती. मी उभी राहिले.

"तबस्सुम, तुझ्या भांड्यात पाणी होतं."

"कुठल्या?"

"निळ्याच्या खाली लावलंस ते. आईनं शिंपडलं. आमच्यात रीत हाय. मला आजच कळलं, स्टँडवर."

तिचा हात पिशवीतच थांबला. मग ती ओरडली, "मावशी, दिवाळीपासूनचं काम होतं ते! सगळं घातलं होतं मी, सगळं!" मी तिला कधी अशी ओरडताना बघितलं नव्हतं. मी हलले नाही. जरा वेळानं ती खाली बसली, टेबलाच्या पायाला टेकून, आणि हळू आवाजात स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे रिॲक्शन चुकली नव्हती." परत म्हणाली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "सरांना सांगाय पायजे. मी सांगते. तुमचं नाव घेत न्हाय."

"न्हाय," मी म्हटलं. "मीच सांगते."

सरांच्या केबिनमध्ये मी झाडायला शेकडो वेळा गेले असेन, बोलायला पहिल्यांदाच गेले. तबस्सुम माझ्या मागून आली होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून ठेवला.

"बाहेरचं माणूस आत आणायचं नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय सर."

"मग?"

"आईला एकटीला ठेवता येत नव्हतं."

सरांनी चष्मा परत लावला. मग तबस्सुमला म्हणाले, "माल परत बनवायला किती वेळ?"

"पावसाळा उजाडेल, सर."

"मग लागा की कामाला! माझ्या तोंडाकडं काय बघताय?" आणि आम्ही दारात पोहोचलो तेव्हा मागून म्हणाले, "मावशी, परत असं चालणार नाही. आणि आईंचे डोळे बरे आहेत ना आता?"

बाहेर आल्यावर मी सरळ सिंककडं निघाले. तबस्सुमनं मला स्टुलावर बसवलं.

शाळेची जागा गेली. तिचे अब्बा पंधरवडाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. नंतर एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी स्वतः शिवलेला पांढरा ॲप्रन पाठवून दिला. बाह्या आखूड होत्या. "अब्बांना मी अजून बारावीतलीच वाटते," असं म्हणत ती तोच घालून फिरायची. पहिल्यापासून सगळं परत बनवलं. मी भांडी सुकवत होते आणि आता ओव्हनमधून काढलेला फ्लास्क तिच्या हातात देईपर्यंत तिथून हलत नव्हते. कोणी टेबलाजवळ पाण्याची बाटली ठेवली तर मी मोठ्यानं सांगायचे, "उचला ती!" मुलं उचलायची. मावशी रागावतात, असं आपसांत म्हणायची.

पाऊस लागल्यावर एक दिवस तिनं मला सिंकवरून हाताला धरून कोपऱ्यात नेलं. पट्टीवर हिरवा ठिपका होता. काजव्यासारखा नाही, काजवा लुकलुकतो. हा स्थिर होता. ती काही बोलत नव्हती म्हणून मीच म्हटलं, "हिरवा हाय की गं." मग ती रडली.

सगळा मिळून चिमूटभर नारिंगी भुगा तयार झाला. तो दुसऱ्या शहरातल्या एका लॅबला पाठवला, तिथं त्याचा पातळ थर देऊन दिवा करतात. दिवा लागला, पण मंद, आणि फार वेळ टिकला नाही. सर म्हणाले, सुरुवात म्हणून वाईट नाही. तबस्सुम आता नायट्रोजनची जागा बदलून बघते आहे.

गौरी-गणपतीला मी वाडीत गेले. आता वाडीपर्यंत एसटी येते. ओढ्यावर पूल झाला आहे. माझ्या माहेरच्या खोलीत भावानं खताची पोती ठेवली आहेत, आणि मी गेले की आई मला बसायला पाट देते, आधी पाणी विचारते, पावण्याला विचारतात तसं. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण पूर्वीसारखं रात्रभर ते डोक्यात फिरत नाही. शहरात मला घराची आठवण यायची तेव्हा ती या ओट्याची, या वासाची यायची. आता ओट्यावर बसले की ओव्हनचं बटण बंद केलं का, असं मध्येच मनात येतं.

लावणीत माझ्या शेजारी उभी राहणारी हौसा मला भेटायला आली होती. ती वाडीतच राहिली, तिथंच दिली. आई तिला सांगत होती, "कोल्हापुरात एक मुसलमानाची पोरगी हाय, लई हुशार. तिचं काम काय केल्या होत न्हवतं. मी भांड्यात पाणी शिंपडलं, आनि झालं बघ! उशिरा झालं, पण झालं." आईचे डोळे आता स्वच्छ दिसत होते. ती माझ्याकडं बघत नव्हती, तिला साक्षीची गरजच वाटत नव्हती.

हौसानं मला विचारलं, "व्हय गं?"

पूर्वी मला वाटायचं की घर म्हणजे जिथं न बोलता चालतं ते. मग कोल्हापुरात मला बोलावं लागलं, आणि बोलल्यावरही त्यांनी मला ठेवून घेतलं. आता तेही मला घर वाटतं. तबस्सुमला खरं सांगितल्याशिवाय मला तिथं राहता आलं नसतं. आईला तेच खरं सांगून मला या ओट्यावर बसता आलं नसतं.

"व्हय," मी हौसाला म्हटलं, आणि पुढं काही बोलले नाही. जन्मभर मी गप्प राहत आले ते बोलता येत नव्हतं म्हणून. त्या दिवशी आईच्या शेजारी बसून, बोलता येत असून, मी पहिल्यांदा गप्प राहिले.